जायंट्सची ऑफेन्सिव्ह लाइन: पाच माणसं एका जागी टिकत का नाहीत?

मेडोलँड्सकर · ८ जुलै २०२५

न्यू यॉर्क जायंट्सचा (अमेरिकन फुटबॉल, एनएफएल) कॅम्प तोंडावर आलाय आणि जिकडेतिकडे एकच चर्चा: क्वार्टरबॅक (पास फेकणारा) म्हणून मुरलेला रसेल विल्सन किती सामने खेळणार, नवख्या जॅक्सन डार्टला कधी उतरवणार. मला त्यात फारसा रस नाही. ज्या टीमने २०२३ च्या एका मोसमात ८५ सॅक खाल्ले (क्वार्टरबॅक पास फेकण्याआधीच पाडला गेला की सॅक), तिथे मागे कोण उभा राहणार याआधी त्याला वाचवायला पुढे कोण पाच जण उभे राहणार ते बोलूया. (८५ हा लीगच्या इतिहासात दुसऱ्या क्रमांकाचा आकडा. पहिला मान १९८६ च्या फिलाडेल्फिया ईगल्सचा, १०४. आमचे फिलीवाले मित्र खाली हजेरी लावतीलच, त्यांनी हे आधी वाचावं.)

"जायंट्स लाइनकडे लक्षच देत नाहीत" हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या प्रत्येक बार्बेक्यूला ऐकतो. ते धादांत खोटं आहे. ड्राफ्ट (कॉलेजमधले खेळाडू फेऱ्याफेऱ्यांत निवडतात तो) बघा: २०१३ ला पहिल्या फेरीत जस्टिन प्यू, १९ वा. २०१४ ला दुसऱ्या फेरीत वेस्टन रिचबर्ग. २०१५ ला एरेक फ्लॉवर्स, नववा. २०१८ ला विल हर्नांडेझ, ३४ वा, आणि त्याच उन्हाळ्याच्या आधी नेट सोल्डरला चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर. २०२० ला अँड्र्यू थॉमस, चौथा. २०२२ ला एव्हन नील, सातवा. २०२३ ला जॉन मायकल श्मिट्झ, ५७ वा. एवढी उधळण करून हाती काय लागलं? एक थॉमस. तोही दोन मोसमांत अर्धाअधिक वेळ बाहेर.

आता दुसरी बाजू बघा. फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये (लीगचा अंतिम सामना) पेट्रियट्सना १७-१४ हरवणारी लाइन, डावीकडून (टॅकल, गार्ड, सेंटर, गार्ड, टॅकल): डेव्हिड डील, रिच सूबर्ट, शॉन ओहारा, क्रिस स्नी, करीम मॅकेन्झी. डील पाचव्या फेरीतला. सूबर्ट आणि ओहारा यांना तर ड्राफ्टमध्ये कोणी विचारलंच नव्हतं. मॅकेन्झी जेट्सकडून आणलेला. पाचांत जायंट्सची ड्राफ्टमधली मोठी गुंतवणूक म्हणावी अशी एकच, स्नी, दुसरी फेरी. याच पाच जणांमागून २००८ च्या मोसमात ब्रँडन जेकब्स १०८९ आणि डेरिक वॉर्ड १०२५ यार्ड धावले. एकाच टीममधले दोघे हजारापार!

म्हणजे महागडी नावं असताना बोजवारा, आणि स्वस्तातली नावं असताना विजेतेपदाची अंगठी. फरक कशात? मला विचाराल तर दोनच गोष्टी. तेच पाच जण वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभे राहिले, आणि त्यांना शिकवणारा माणूस बदलला नाही. पॅट फ्लाहर्टी २००४ पासून २०१५ पर्यंत लाइन कोच होता. तो गेल्यापासून मोजा: सोलारी, हंटर, कोलंबो, डीगुग्लिएल्मो, सेल, जॉन्सन, आणि २०२४ पासून ब्रिसिलो. नऊ मोसमांत सात.

एकच उदाहरण घेतो, हर्नांडेझचं. स्नी आणि हर्नांडेझ दोघेही ३४ वे पिक, दोघेही गार्ड. स्नीला पहिल्या दिवसापासून फ्लाहर्टी मिळाला, दहा मोसम उजवा गार्ड म्हणून एकाच जागी खेळला. हर्नांडेझला पहिली दोन वर्षं हंटर, तिसऱ्या वर्षी कोलंबो, त्याच मोसमाच्या मध्यात हेड कोचशी बिनसल्यामुळे कोलंबोची हकालपट्टी आणि डीगुग्लिएल्मो, चौथ्या वर्षी सेल. आणि चौथ्याच वर्षी त्याला डावीकडून उजवीकडे हलवला. मग तो गेला ॲरिझोनाला. पोरगं वाईट होतं का? पहिल्या वर्षी तरी नव्हतं.

तर माझा दावा असा: जायंट्सची लाइन ही निवडीची कमी आणि सातत्याची जास्त समस्या आहे. बोला.

आकडेमोड · ८ जुलै

धागा झकास, पण ८५ चा आकडा सगळा लाइनच्या माथी मारू नका. सॅक हा जितका लाइनचा आकडा आहे तितकाच क्वार्टरबॅकचा. २०२३ मध्ये डॅनियल जोन्स, टायरॉड टेलर आणि टॉमी डेव्हिटो असे तिघे खेळले. डेव्हिटो बिचारा आपला जर्सीचा, कौतुक आहेच, पण चेंडू हातात धरून उभं राहण्याची त्याची सवय भयंकर होती. वॉशिंग्टनच्या सामन्यात तो नऊ वेळा सॅक झाला, आणि त्याच सामन्यात तीन टचडाउन फेकून ३१-१९ जिंकलाही! लाइन जर खरोखर कोसळली असती तर ते तीन पास कुठून आले?

आणि आता विल्सन येतोय. २०२२ मध्ये डेन्व्हरला तो ५५ वेळा सॅक झाला होता, लीगमध्ये संयुक्तपणे सर्वात जास्त. क्वार्टरबॅक टीम बदलतो तेव्हा त्याचे सॅक त्याच्याबरोबर सामानात येतात. म्हणजे यंदा लाइन सुधारली तरी आकडा सुधारेलच असं नाही, आणि मग तुम्ही परत ब्रिसिलोला शिव्या घालाल.

ब्रॉडस्ट्रीट बंड्या · ८ जुलै

हजर! १९८६ चा टोमणा पोचला. तेव्हा कोच बडी रायनचं पहिलं वर्ष होतं, आणि थर्ड अँड लाँग (तिसरा प्रयत्न, बरेच यार्ड बाकी) आला की जॉवोर्स्कीला बसवून रँडल कनिंगहॅमला पाठवायचे. लाइन फाटलेली, समोरच्याला ठाऊक की आता पासच येणार. त्या वर्षी एकटा कनिंगहॅम ७२ वेळा आडवा झाला. आम्ही ते भोगलंय, म्हणूनच आता लाइनला देव मानतो.

जास्त मीठ चोळत नाही. फक्त एवढंच आठवण करून देतो की २०२३ मध्ये तुमच्याकडे ९६२ यार्ड धावलेला सेक्वान बार्कली २०२४ मध्ये आमच्याकडे येऊन २००५ धावला. पाय तेच. शेवटच्या आठवड्यात एरिक डिकरसनचा १९८४ पासूनचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि समोर कोण होतं? तुम्हीच. आमच्या कोचने त्याला बसवला म्हणून वाचलात.

मेडोलँड्सकर · ८ जुलै

बंड्या, "जास्त मीठ चोळत नाही" म्हणून अख्खी बरणी ओतलीस. पण तुझा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. तुमचा मेलाटा सातव्या फेरीतला, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, आयुष्यात फुटबॉल न खेळलेला. बेक्टन जेट्सने ११ वा निवडलेला टॅकल, तिथे पार ओवाळून टाकलेला, तुम्ही त्याला उजवा गार्ड केलात आणि तो सुपर बोल जिंकून गेला. कोणी केलं हे? तुमचा लाइन कोच जेफ स्टाउटलंडने. २०१३ मध्ये आला तो तिथेच राहिला. हेड कोच चिप केली गेला, पीडरसन गेला, सिरियानी आला, स्टाउटलंड हलला नाही. आमच्याकडे हेड कोच गेला की पाण्याची बाटली भरणाऱ्यापर्यंत सगळे जातात.

अननसपोळी · ९ जुलै

माझा प्रश्न कदाचित फार बाळबोध वाटेल. नवरा आणि मुलगा दोघे जायंट्सवेडे, त्यामुळे रविवारी घरात दुसरं काही लागत नाही. मला क्वार्टरबॅक कळतो, पळणारे कळतात. हे पाच जण मात्र प्रत्येक वेळी नुसते समोरच्याला ढकलताना दिसतात. त्यात "सातत्य" एवढं कशाला लागतं? धष्टपुष्ट पाच माणसं आणली की झालं ना?

कृष्णाकाठ · ९ जुलै

ताई, प्रश्न बाळबोध नाही, धाग्याचा कणाच आहे. मी सांगलीकडचा, तरुणपणी कबड्डी खेळलेला, म्हणून मला हे लगेच पटलं. कबड्डीत डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा हात धरून साखळी करतात. दोघे कितीही ताकदवान असोत, चढाईवाला आत शिरला की एकाने पाऊल टाकलं आणि दुसरा अर्धा क्षण थांबला तर साखळी तुटते आणि चढाईवाला मधून निसटतो. इथेही तेच, फरक इतकाच की हात धरायला परवानगी नाही, आणि समोरून चार-पाच जण एकदम येतात.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. पासच्या वेळी बचाववाले नेहमी सरळ येत नाहीत. त्यांचा आतला टॅकल तिरका बाहेरच्या बाजूला घुसतो आणि आपल्या गार्डला ओढून नेतो. त्याच वेळी कडेचा गडी त्याच्या मागून वळसा घालून रिकाम्या झालेल्या फटीत शिरतो. याला स्टंट म्हणतात. इथे आपल्या गार्डने आणि टॅकलने गडी अदलाबदल करायचे असतात. गार्डने आपला माणूस शेजाऱ्याच्या हवाली करायचा आणि वळसा घेऊन येणाऱ्याला स्वतः घ्यायचं. बोलायला वेळ नसतो. स्नॅपपासून (सेंटर चेंडू मागे देतो तो क्षण) पास सुटेपर्यंत अडीच-तीन सेकंद. शेजारचा किती मागे सरकतो, त्याचा खांदा कधी वळतो, हे अंगात भिनलेलं असावं लागतं. दोघांपैकी एकजण परवा आलेला असेल तर दोघेही एकाच माणसाला धरतात आणि दुसरा मोकळा सुटतो. टीव्हीवर वाटतं, "अरे, त्याला कोणी अडवलंच नाही!" तो हाच.

आणि सेंटर फक्त चेंडू मागे देत नाही. स्नॅपच्या आधी तोच बोट दाखवून सांगतो कुठला लाइनबॅकर (दुसऱ्या फळीतला बचाववाला) मोजायचा, सगळ्यांनी कोणत्या बाजूला सरकायचं. सेंटर बदलला की अख्ख्या लाइनची भाषा बदलते.

अननसपोळी · ९ जुलै

वा! आता रविवारी मी चेंडू सोडून यांच्याकडेच बघणार. मुलाला "बघ, स्टंट" म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

पहाटेचा प्रेक्षक · ९ जुलै

पुण्याहून. २०२३ चा सिएटलचा सोमवारचा सामना मी इथे मंगळवारी पहाटे उठून पाहिला होता, चहासुद्धा गोड लागला नाही. २४-३. अकरा सॅक, त्यातले दहा जोन्सवर. एक तर पॅरिस कॅम्पबेलवर, जो मुळात रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा!

त्या सामन्याबद्दल लोकांना सिएटलच्या विदरस्पूनचं ९७ यार्डांचं इंटरसेप्शन (पास मध्येच पकडून पळवणं) आठवतं. मला त्याच्या आधीचं सगळं आठवतं. तोवर जोन्सचा इतका भुगा झाला होता की गोललाइनजवळ पोचल्यावर त्याला चेंडू हातातून घालवायची घाई झाली होती. आकडेमोड म्हणतात सॅक क्वार्टरबॅकचाही असतो. मान्य. पण क्वार्टरबॅक तसा का वागायला लागतो हे पण बघा. सहा-सात वेळा आडवा पडल्यावर माणूस रिसीव्हर शोधत नाही, येणारे गडी शोधतो.

आणि त्या रात्री लाइनची अवस्था काय होती? थॉमस नव्हताच. त्याच्या जागी जोशुआ इझूडू, मूळचा गार्ड. श्मिट्झ नवखा सेंटर, तो खांदा दुखावून मध्येच बाहेर. याला लाइन म्हणायचं?

काकासाहेब एडिसनवाले · १० जुलै

मी जुना माणूस, कोच पार्सेल्सच्या काळापासून बघतोय. तुम्हा मुलांचं विश्लेषण छान आहे, पण एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. बॅकअप. पाच जण कायम ठेवा म्हणणं सोपं आहे, पण हा खेळच हाडं मोडणारा. कोणीतरी जायबंदी होणारच. सातवा-आठवा माणूस कोण, यावर मोसम ठरतो.

थॉमसचं २०२३ चं आठवा. पहिला सामना, डॅलस, घरच्या मैदानावर. पहिलाच ड्राइव्ह. फील्ड गोल (लाथेने मारलेला गोल) अडवला गेला, डॅलसच्या इग्बिनोगेनेने तो उचलून ५८ यार्ड पळवला आणि टचडाउन. त्याच्या मागे धावताना थॉमसचं हॅमस्ट्रिंग गेलं. जवळपास १२ कोटी डॉलरचा करार उन्हाळ्यात झालेला, आणि तुमचा सगळ्यात मौल्यवान लाइनमन फील्ड गोलच्या टोळीत उभा! सामना ४०-० हरलो, ते एक वेळ सोडा. पुढचे सात सामने तो नव्हता, आणि त्याच्या जागी टाकायला टॅकल नव्हता. ऑक्टोबरमध्ये शेवटी जस्टिन प्यूला घरून बोलावला. हो, तोच २०१३ चा. बफेलोला डाव्या टॅकलला उभा केला, आणि टीव्हीवर ओळख करून देताना त्याने कॉलेजचं नाव सांगायच्या ऐवजी "थेट सोफ्यावरून आलोय" असं सांगितलं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

आकडेमोड · १० जुलै

काका, लाइनच्या सुरुवातीच्या खेळाडूंना फील्ड गोलला उभं करणं तसं सर्रास चालतं. तिथे मोठी माणसंच लागतात. पण बॅकअपचा मुद्दा शंभर टक्के. २०२४ ला सहाव्या आठवड्यात बेंगल्सविरुद्ध थॉमसचा पाय गेला तेव्हाही तीच गत. पुढच्याच आठवड्यात ईगल्ससमोर पुन्हा इझूडू डाव्या टॅकलला.

ब्रॉडस्ट्रीट बंड्या · १० जुलै

हो हो, आठवतं. २८-३. बार्कली १७६ यार्ड. तुमच्याच मैदानात.

मेडोलँड्सकर · १० जुलै

बंड्या, आता बरणी संपली असेल तर झाकण लाव.

काकांच्या मुद्द्यावर: हे सातत्याचंच दुसरं टोक आहे. थॉमस गेला म्हणून काय केलं? इझूडू चालेना म्हटल्यावर एल्युमुनॉरला उजवीकडून डावीकडे नेला आणि उजवीकडे नीलला आणला. एक माणूस जखमी, दोन जागा बदलल्या. उजवा टॅकल डावीकडे गेला की नुसती बाजू बदलत नाही. मागे टाकायचा पाय बदलतो, आधी बसणारा हात बदलतो, शेजारचा गार्ड बदलतो. म्हणजे चार जोड्यांपैकी दोन जोड्या एका झटक्यात नव्या.

एल्युमुनॉरने तरी निभावलं, त्याला दाद दिली पाहिजे. लंडनमध्ये वाढलेला मुलगा. २००७ ला वेम्बलीवर जायंट्स-डॉल्फिन्स सामना झाला, तो टीव्हीवर बघून या खेळाच्या नादी लागला. म्हणजे ज्या टीममुळे फुटबॉल कळला तिच्यासाठीच आता खेळतोय. लाइनमनमधली अशी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या जर्सी कोणी विकत घेत नाही.

पहाटेचा प्रेक्षक · ११ जुलै

आता नीलबद्दल बोलूया का? सातवा पिक. अलाबामाचा, एवढा धिप्पाड, कॉलेजमध्ये दोन्ही बाजूंना खेळलेला. मला तर तो निव्वळ चुकलेला पिक वाटतो. सातत्य वगैरे सगळं ठीक, पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

कृष्णाकाठ · ११ जुलै

नीलचे सामने मी थांबवून थांबवून पाहिलेत. (घरचे वेडा म्हणतात.) त्याचा दोष ताकदीचा नाही, कमरेचा आहे. वेगवान एज रशर (कडेने घुसणारा बचाववाला) बाहेरून आला की नील पायांनी मागे सरकण्याऐवजी कमरेतून पुढे वाकतो आणि हातांनी पकडायला जातो. डोकं पायांच्या पुढे गेलं की संपलं. समोरचा त्याचे हात खाली झटकतो आणि बाजूने निघून जातो. बाहेरचं वाचवायला तो जास्त उघडला की तोच गडी आतून कापतो. एकदा टॅकलच्या डोक्यात "बाहेरून जाईल का आतून?" हा प्रश्न आला की दोन्हीकडून जातो. धावण्याच्या खेळीत मात्र हाच नील समोरच्याला उचलून बाजूला ठेवतो, कारण तिथे पुढेच जायचं असतं. गेल्या मोसमाच्या उत्तरार्धात ते नीट दिसलं.

म्हणून त्याला आता गार्डला आणायचं म्हणताहेत ते मला योग्य वाटतं. गार्डला मैदान लहान. दोन्ही बाजूंना शेजारी. ईगल्सनी बेक्टनचं हेच केलं, वर आलंच आहे. प्रश्न एवढाच की हे चौथ्या वर्षी सुचतंय, कराराच्या पाचव्या वर्षाचा पर्याय नाकारून झाल्यावर.

काकासाहेब एडिसनवाले · ११ जुलै

त्या सिएटलच्या सामन्यात लोकांनी हुर्यो उडवली तेव्हा हा गृहस्थ हातवारे करून "अजून ओरडा" म्हणत होता. नंतर पत्रकारासमोर प्रेक्षकांची लायकी काढली, हॉटडॉग भाजणारे वगैरे. लगेच माफी मागितली हे खरं, पण ते विसरणार कोण? तिकिटाला किती पैसे पडतात ते एकदा त्याने काढून बघावं. पार्किंग वेगळं.

मेडोलँड्सकर · ११ जुलै

काका, बोलला ते चुकलंच. पण २२-२३ वर्षांचा मुलगा, दर रविवारी सत्तर-ऐंशी हजार लोक अंगावर येणार. मला त्याच्या बोलण्यापेक्षा दुसरं खटकतं. थॉमसचं पहिलं वर्षसुद्धा वाईटच होतं! २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हेच लोक त्यालाही "दुसरा फ्लॉवर्स" म्हणत होते. २०२२ मध्ये तो ऑल-प्रोच्या (लीगमधले सर्वोत्तम) दुसऱ्या संघात. टॅकल पिकायला वेळ लागतो. थॉमसला तो मिळाला. नीलला दुखापतींनी मिळू दिला नाही, आणि दुसऱ्या वर्षानंतर कोचही बदलला.

आकडेमोड · १२ जुलै

तुमच्या सातत्याच्या सिद्धांताला मी एक भोक पाडतो. बेंगल्स, २०२१. जो बरो मोसमात ५१ वेळा सॅक. प्लेऑफमध्ये आणखी १९. टेनेसीत एकाच सामन्यात नऊ, आणि तरी जिंकले १९-१६. थेट सुपर बोलपर्यंत गेले. म्हणजे क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर चांगले असतील तर वाईट लाइनवरही निभावतं. जायंट्सकडे आता रिसीव्हर मलिक नेबर्स आहे. चेंडू लवकर सोडा, नेबर्सकडे द्या, सगळे सॅक निम्मे. बॉब्बी जॉन्सन असो की ब्रिसिलो.

कृष्णाकाठ · १२ जुलै

आणि त्या सुपर बोलचं काय झालं, आकडेमोड? रॅम्सनी बरोला सात वेळा पाडलं. शेवटची बेंगल्सची खेळी, फोर्थ डाउन (चौथा, शेवटचा प्रयत्न), हवा होता एक यार्ड. रिसीव्हर चेस मोकळा सुटला होता. पण रॅम्सचा ॲरन डोनल्ड इतक्या लवकर आत आला की बरोला त्याच्याकडे बघायलाही वेळ मिळाला नाही, फिरता फिरता कसाबसा चेंडू टाकला, २३-२० हरले. लाइनशिवाय दरवाजापर्यंत जाता येतं, आत नाही. बेंगल्सनी पुढच्याच उन्हाळ्यात लाइनवर पैसे ओतले, ते काय उगाच?

आकडेमोड · १२ जुलै

मान्य, शेवटच्या खेळीचं मान्य. पण मग तुमच्याच २०११ च्या मोसमाचं काय? नाइनर्सविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलला ईलाय मॅनिंग सहा वेळा सॅक झाला, प्रत्येक दुसऱ्या खेळीला चिखलात लोळत होता. तरी २०-१७ जिंकलात, आणि नंतर सुपर बोलही. ती काही २००८ वाली अभेद्य लाइन नव्हती. ओहारा आणि सूबर्टला तर त्याच उन्हाळ्यात सोडून दिलं होतं.

मेडोलँड्सकर · १२ जुलै

हा मुद्दा बिनतोड आहे, टाळत नाही. २०११ ची लाइन पडझडीला लागली होती. पण ती जिंकली ती ईलायमुळे, जो मार खाऊनही शेवटपर्यंत वर बघत राहिला, आणि ईलाय तेव्हा आठ वर्षांचा मुरलेला होता. डार्ट २२ वर्षांचा आहे. त्याला कनिंगहॅमसारखा ७२ वेळा आडवा करून आपण काय शिकवणार? टेक्सन्सनी २००२ मध्ये डेव्हिड कारचं काय केलं आठवा. नवी टीम, पहिलाच मोसम, ७६ सॅक, आजही एका क्वार्टरबॅकचा एका मोसमाचा विक्रम. ज्या बोसेलीला डावा टॅकल म्हणून घेतलं होतं तो खांद्यामुळे त्यांच्यासाठी एक सामनाही खेळला नाही. कार पुन्हा कधी सावरला नाही.

म्हणूनच विल्सनला आधी खेळवायला माझी हरकत नाही. मार खायचाच असेल तर तो खाल्लेल्याने खावा.

ब्रॉडस्ट्रीट बंड्या · १२ जुलै

शेवटचं वाक्य क्रूर आहे पण खरं आहे. विल्सनने एवढी वर्षं तेच केलंय.

थट्टा बाजूला. आमच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे ती म्हणजे उत्तराधिकारी आधीच आणून ठेवणं. सेंटर केल्सी खेळत असतानाच २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीत जर्गन्स घेतला. दोन वर्षं शेजारी ठेवला, एक मोसम गार्डला खेळवला. केल्सी गेला त्या दिवशी सेंटर तयार होता. तुम्ही २०२३ ला फेलिसियानोला सोडलं, गेट्सला सोडलं आणि श्मिट्झला पहिल्याच सामन्यात डॅलसच्या तोंडी दिलं.

काकासाहेब एडिसनवाले · १३ जुलै

बंड्या पोरा, हे मात्र तू लाखाचं बोललास. ईगल्सचा आहेस एवढाच दोष.

पहाटेचा प्रेक्षक · १३ जुलै

मग यंदाचं काय? कागदावर तरी गेल्या वर्षीचेच पाच परत आलेत: थॉमस, रन्यन, श्मिट्झ, व्हॅन रोटन, एल्युमुनॉर. ब्रिसिलोचंही दुसरं वर्ष. जायंट्सच्या हिशेबाने हे म्हणजे दिवाळीच.

मेडोलँड्सकर · १३ जुलै

म्हणून तर हा धागा. ड्राफ्टनंतर सगळे ओरडत होते की लाइनवर फक्त पाचव्या फेरीत पर्ड्यूचा मार्कस एंबो घेतला, वर काहीच नाही. मला उलट बरं वाटलं. पहिल्या फेरीत आणखी एक टॅकल आणून पुन्हा सगळ्यांच्या जागा हलवण्यापेक्षा आहेत ते पाच एकदा १७ सामने शेजारी उभे राहू देत. ग्रेग व्हॅन रोटन ३५ चा आहे, गेल्या मोसमात सगळे सामने खेळला, देखणा नाही पण दर रविवारी हजर. अशा माणसाची किंमत आमच्याकडे गेल्या दहा वर्षांत कोणाला कळली नाही.

माझी खरी काळजी थॉमसचा पाय. कॅम्पला तो पूर्ण सराव करेल असं मी धरून चालत नाही.

आकडेमोड · १३ जुलै

त्यात लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारापासून मोसमभरात पॅड घालून सराव फक्त १४ वेळा करता येतो. लाइनमनला पॅडशिवाय सराव म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहणं. २००८ च्या त्या पाच जणांना जेवढी टक्कर सरावात मिळत होती तेवढी आज कोणालाच मिळत नाही. तेव्हा "सातत्य आलं की सगळं येईल" हे जरा बेताने घ्या.

ब्रॉडस्ट्रीट बंड्या · १३ जुलै

नियम सगळ्यांना सारखेच आहेत हो. आम्हालाही १४ च.

अननसपोळी · १४ जुलै

मग थॉमस नसेल तर पहिल्या सामन्याला डावीकडे कोण? मुलगा म्हणतो एल्युमुनॉरलाच परत हलवतील. पण तुमचं सगळं वाचल्यावर मला वाटतं ते चुकीचं होईल. बरोबर ना?

मेडोलँड्सकर · १४ जुलै

ताई, तुम्ही आठवड्यात आमच्या निम्म्या कोचेसच्या पुढे गेलात. अगदी बरोबर. मार्चमध्ये ब्राउन्सकडून जेम्स हडसनला यासाठीच आणलंय. तो थॉमसच्या नखाची सर नाही, दोन फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलण्याची चूक) आणि एखादा सॅक देईलही. पण तो डावीकडे उभा राहिला तर बाकीचे चार आपापल्या जागी राहतात, म्हणजे चार जोड्यांपैकी तीन शाबूत. त्याच्या बाजूला टाइट एंड (लाइनच्या टोकाला मदतीला उभा राहणारा) ठेवा, पाठीवर रनिंग बॅक ठेवा, चेंडू लवकर सोडा. पहिला सामना ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये, दुसरा डॅलसला. दोन्ही बाहेर. या दोन आठवड्यांत एल्युमुनॉर उजवीकडेच दिसला तर समजा काहीतरी शिकलेत.

पहाटेचा प्रेक्षक · १४ जुलै

वॉशिंग्टनचा सामना दुपारी एकचा असेल तर आपल्याकडे रात्री साडेदहा. चला, एक तरी पराभव वेळेवर झोपण्याआधी बघता येईल.

काकासाहेब एडिसनवाले · १४ जुलै

अजून स्नॅप झाला नाही आणि हा हरून बसला! ९ ऑगस्टला बफेलोला प्रीसीझन (मोसमाआधीचा सामना) आहे. सगळ्यांनी फक्त नील गार्डला कसा उभा राहतो ते बघा आणि इथे येऊन लिहा. विल्सन-डार्ट लिहिणाऱ्याला माझ्याकडून चहा मिळणार नाही.